मिंगसचा बेस आणि त्याच्या रचना

अमेरिकन जॅझ बेसवादक आणि रचनाकार चार्ल्स मिंगसचं नाव निघालं की त्याच्या संतापाचेच किस्से निघतात, इथल्या चर्चेतही तेच झालंय. किस्से खरे असतीलही, पण रचनाकार मिंगस त्यात हरवतो.

१९५०च्या दशकाच्या मध्यापासून तो बऱ्याचदा वादकांना कागदावर लिहिलेलं देतच नसे. पियानोवर वाजवून किंवा गाऊन दाखवायचा, बाकी कानाने उचला. आपल्याकडच्या तालमीची सवय असलेल्याला यात काही नवल वाटणार नाही, पण लिखित स्वरांवर वाढलेल्या न्यूयॉर्कच्या वादकांना ते जड गेलं असणार. फायदा मात्र ऐकू येतो: १५-२० जणांचा वाटावा असा कल्लोळ प्रत्यक्षात सात-आठ जणांचा असतो, आणि लय मध्येच दुप्पट झाली तरी कुणी सांडत नाही. बेस हे खर्जातलं तंतुवाद्य हातात असल्यामुळे सगळा ताफा तो खालून हाकत असे.

'फेबल्स ऑफ फॉबस'बद्दल थोडं. १९५७ साली लिटल रॉकच्या शाळेत कृष्णवर्णीय मुलांना शिरू न देण्यासाठी सैनिक उभे करणारा अमेरिकेतल्या आर्कान्सॉ राज्याचा गव्हर्नर म्हणजे फॉबस. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने १९५९ साली ही रचना शब्दांविना काढली. पुढच्या वर्षी कॅन्डिड या छोट्या कंपनीसाठी मिंगसने ती शब्दांसकट केली. ड्रमवाल्या डॅनी रिचमंडबरोबरचे त्यातले सवाल-जवाब ऐकाच.

१९७९ साली तो मेक्सिकोत वारला. इच्छेप्रमाणे त्याच्या अस्थी पत्नीने गंगेत सोडल्या. त्याची दोन तासांहून लांब रचना 'एपिटाफ' मात्र पूर्ण वाजायला १९८९ उजाडलं.