मूठभर तांदूळ आणि भाड्याची मेखला

चिंचगूळ (धागालेखिका)
काल इथेच एकांनी लिहिलं होतं : "आमच्या शाळेचा सेवा सप्ताह आणि विविधता दिन पाहून डोळे पाणावले. चिमुकल्यांनी पूरग्रस्तांसाठी 12 पोती तांदूळ जमवला आणि त्याच मंचावर अवघा भारत अवतरला." खाली बदामांचा पाऊस. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, ते मारुतीच्या शेपटासारखं लांबलं, म्हणून वेगळा धागा.

माझी लेक तिसरीत आहे. गेल्या महिन्यात तिच्या शाळेतही हेच झालं. सोमवारी वहीत चिठ्ठी : एक किलो तांदूळ आणि 'ऐच्छिक' 200 रुपये, बंद पाकिटात. ऐच्छिक कसलं डोंबलाचं! वर्गात तक्ता टांगलाय, पाकीट दिलं की नावापुढे चांदणी. बुधवारपर्यंत चौघांच्या पुढे चांदणी नव्हती. त्यातल्या एकाची आई आमच्याच सोसायटीत तीन घरी पोळ्या करते. शुक्रवारी त्यालाही चांदणी मिळाली. पैसे कुठून आणले हे तिला विचारायची माझी हिंमत झाली नाही.

शनिवारी विविधता दिन. लेक 'आसाम' झाली. मेखला-चादर भाड्याने 350, अनामत 500, डाग पडला तर अनामत गेली. घरी आल्यावर विचारलं, आसामात काय असतं गं? म्हणाली, "चहा आणि गेंडा. पण गेंडा दुसऱ्याला मिळाला."

द्यायचं तर पोरांनी स्वतःचं काहीतरी द्यावं. आईबापाच्या खिशातून वसूल होते ती फी. तिला दान म्हणू नका.

तिरकस_तात्या
झालं, आता चांदणीनेही पोरांवर आघात होतो. आम्ही 7 डिसेंबरला ध्वजदिनाची तिकिटं घेऊन दारोदार हिंडायचो. निम्म्या घरांतून हाकलून द्यायचे. कुणाचं काय बिघडलं? आणि भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था उभी केली ती कशावर? बायका रांधताना मूठभर धान्य बाजूला काढायच्या, त्या मुष्टिफंडावर. त्या वेळी तुम्ही असतात तर 'हे ऐच्छिक आहे का' म्हणून धागा काढला असतात.

मिरजकर
मूळ विषय बाजूला राहू द्या. त्या 12 पोत्यांबद्दल बोलतो.

2019 च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं होतं. आम्ही दहा-बारा जण एका मंगल कार्यालयात स्वयंपाक बघत होतो. रोजची दीड-दोन हजार पानं. शाळांकडून पोती आली, वर रंगीत कागदावर 'आमच्या बांधवांसाठी' वगैरे. पोतं फोडलं तर आत सगळ्या जगाचा तांदूळ एकत्र. कोलम, इंद्रायणी, बासमतीचा तुकडा, रेशनचा जाडा, कुणा कोकणवाल्याचा उकडा. पातेलं चढवलं. इंद्रायणीचा गिच्चा झाला, बासमती फुटली, उकडा तसाच दाताखाली कचकच. पहिल्या पंगतीत एक म्हातारं माणूस ताटातला उकडा वेचून कडेला ठेवत बसलेलं. आठवलं की अजून कानकोंडं होतं.

पोरांवर राग नाही. पण शाळेत एकाही मोठ्या माणसाच्या डोक्यात आलं नाही की हे शिजवायचं कुणी आणि कसं?

तिरकस_तात्या
तांदूळ शिजत नाही हे नवलच ऐकतोय. डाळ-हळद घालून खिचडी लावायची, कोण वेचत बसतं?

मिरजकर
तात्या, घरच्या कुकरमध्ये चार वाट्या लावणं वेगळं आणि चुलाणावर पन्नास किलोचं पातेलं उतरवणं वेगळं. लाकडं ओली, प्यायलाच पाणी टँकरने येतंय, आणि तुम्ही पुण्यातून खिचडी शिकवताय!

तिरकस_तात्या
मी पुण्यात राहत नाही. आणि भूक लागलेल्याला उकडा चालतो.

मिरजकर
हेच, हेच ते. 'भूक लागलेल्याला काहीही चालतं.' चालत नाही, साहेब. पूर आला म्हणून माणसाची जीभ वाहून जात नाही. आमच्याकडे फाटक्या बनियनांचीही गाठोडी आली होती, त्यांनाही 'चालतं' म्हणूनच कुणीतरी गाठ मारली असणार.

दर्यावर्दी
अवांतर करते, माफी. पण विविधता दिनावर कुणी बोलणारच नाही का?

मी वसईची, कोळ्याची. दरवर्षी शाळेत एक पोर कोळीण असतं. नऊवारी गुडघ्यापर्यंत, डोक्यावर टोपली, टोपलीत थर्माकोलचे पापलेट, आणि कमरेवर हात ठेवून तोंडाला येईल ते. टाळ्या वाजतात. माझ्या भाचीने त्याच शाळेत डब्यात सुकटीची चटणी नेली, तर बाईंनी डबा बंद करायला लावला, "वास येतो, इतरांना त्रास होतो." थर्माकोलच्या पापलेटाला वास नसतो ना, म्हणून तो संस्कृती. पोरगी आता रोज बटाट्याची भाजी नेते. हे लिहितानाही डोकं फिरतंय.

तिरकस_तात्या
बंद वर्गात सुकटीचा वास खरंच येतो हो. त्यात जातीचा काय संबंध?

दर्यावर्दी
जातीचं नाव मी घेतलं का? तुम्हीच घेतलंत.

चिंचगूळ
तात्या, भाऊरावांचं नाव घेतलंत ते बरं झालं. साताऱ्याच्या त्यांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, एका पंगतीला जेवायची. 1927 ला गांधी आले तेव्हा त्यांनी बघितलं ते हे. खर्च भागेना तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. तिथे चांदण्यांचा तक्ता होता असं मी तरी वाचलेलं नाही. आणि मुष्टिफंडातलं धान्य जायचं ते पंचक्रोशीतल्या पोरांच्याच पोटात. देणाऱ्या बाईला माहीत असायचं कोण जेवणार ते.

खडूफळा
जिल्हा परिषद शाळा, बीड जिल्हा, 14 वर्षं नोकरी. शिक्षकाची बाजू ऐका.

उपक्रम आम्ही ठरवत नाही. परिपत्रक येतं. दुपारी 3 वाजता येतं आणि 5 पर्यंत फोटो लिंकवर चढवायचे असतात. 'एक भारत श्रेष्ठ भारत'मध्ये महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी. पोरांना पाच ओडिया वाक्यं पाठ करून घेतली, व्हिडिओ काढला, पाठवला. रेंजसाठी टाकीवर चढून पाठवला. त्या आठवड्यात वर्गातली सात मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला निघून गेली होती. त्यांच्या कोप्यांवर, म्हणजे फडाजवळच्या झोपड्यांत, कसं बोलतात, काय खातात, यावर कधी उपक्रम आलेला नाही. वर निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, खिचडीचा हिशेब...

मिरजकर
गुरुजी, तुमच्या खिचडीला तरी एकच तांदूळ येतो ना?

खडूफळा
एकच येतो. कधी कधी किडकासुद्धा, पण एकच.

औसेकर
मी सहसा लिहीत नाही. हा धागा वाचून राहवलं नाही.

1993, किल्लारीचा भूकंप. मी चौथीत. रात्री गणपती विसर्जन करून झोपलो आणि पहाटे चारच्या आत सगळं संपलं होतं. आमचं घर दगडमातीचं, माळवदाचं. आजी आणि धाकटा भाऊ गेले. पुढे शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरायला लागली. एके दिवशी कुठूनशी खोकी आली. मला एक कंपासपेटी मिळाली, वापरलेली. झाकणाच्या आत कुणीतरी करकटकाने नाव कोरलेलं होतं आणि ते नंतर खरडून काढलेलं. पहिलं अक्षर 'सु' तेवढं वाचता यायचं. कोनमापक नव्हता. दहावीपर्यंत वापरली ती.

कुठल्या शाळेने पाठवली, बाईंनी चांदणी दिली का, मला काय माहीत? दिली असेलही. चिंचगूळताई, तुमचा राग पटतो, पण 'हे सगळं फोटोसाठी' असं कुणी सरसकट म्हणालं की मला ते खरडलेलं नाव दिसतं. पोराला वाटलं असणार, आपलं नाव राहिलं तर त्याला वापरायला लाज वाटेल. हे त्याला कुणी शिकवलं नसेल.

चिंचगूळ
'फोटोसाठी' मी म्हटलं नव्हतं, पण माझा सूर तोच होता, मान्य. कंपासपेटी त्या पोराची स्वतःची होती, म्हणजे माझा मुद्दा उभाच आहे. तरी तुमच्यापुढे मुद्दा रेटायला मला लाज वाटतेय.

तिरकस_तात्या
औसेकर, नमस्कार. बाकी काही बोलत नाही.
(मिरजकर, तुमच्याशी मात्र भांडण चालू आहे. काल घरी कोलम-उकडा एकत्र लावून बघितला.)

मिरजकर
आणि?

तिरकस_तात्या
बायकोने ताट माझ्यापुढे सरकवलं आणि स्वतः पोळी खाल्ली.

दर्यावर्दी
उकडा आधी चढवायचा, अर्धाअधिक शिजला की मग दुसरा. सुकट मी देते. वर्गाबाहेर बसून खा.

खडूफळा
आमच्या तालुक्यातही मदतफेरी निघतेय. परवा बैठकीत मी सुचवलं, पोरांना तांदूळ मागू नका, ज्या गावाला द्यायचंय तिथे आधी फोन करून विचारा. साहेब म्हणाले, परिपत्रकात 'तांदूळ' लिहिलंय. म्हटलं, निदान एकाच जातीचा मागू. तर म्हणाले, गुरुजी, शब्द जपून वापरा.