देवगडात आई-बाबा, गाय आणि मोत्या: वादळ येतंय, इथून काय करू?

प्रेषक: देवगडकर, टँपा (फ्लोरिडा)
शुक्रवार, १४ मे २०२१

नमस्कार मंडळी,

अक्षय्य तृतीयेच्या शुभेच्छा द्यायला मेल उघडली होती, पण डोकं दुसरीकडेच आहे. लक्षद्वीपजवळ कमी दाबाचं क्षेत्र तयार झालंय आणि ते किनाऱ्याला धरून गुजरातकडे जाईल असं हवामान खातं म्हणतंय. नाव पडलंच तर 'तौक्ते'. ब्रह्मदेशानं सुचवलेलं, म्हणजे मोठ्यानं ओरडणारी पाल म्हणे.

आई-बाबा देवगडजवळ गावी, दोघंच. बाबा ७८, आई ७२. कोविडच्या लसीचा एकेकच डोस झालाय, आणि सध्याच्या परिस्थितीत मला विमानात बसून जाता येत नाही. घर चिऱ्याचं, मंगलोरी कौलांचं, पुढे पत्र्याची पडवी. मागे गोठ्यात गाय आणि वासरू, गोठ्यावर भला मोठा फणस. शिवाय मोत्या, मनी आणि सहा कोंबड्या.

इर्मा वादळाच्या वेळी, सप्टेंबर २०१७ मध्ये, आम्ही इथे काय केलं ते अजून पाठ आहे. खिडक्यांना प्लायवूड, बाथटब भरून पाणी, गाडीची टाकी फुल्ल, कुत्र्याचा पिंजरा, त्याच्या लसीचे कागद, आणि वेळेत निघायचं. तीच यादी बाबांना फोनवर वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "बाथटब खंयसून हाडू?"

शाळेत हलवायला आले तर जाल का, असं विचारलं. "गायीक घेतत काय थंय?" विषय संपला.

गावचा अनुभव असलेल्या कोणी तरी सांगा, मी इथून नेमकं काय करू?

प्रेषक: काका (पूर्वी एडिसन, न्यू जर्सी, आता दापोली तालुका)
शनिवार, १५ मे २०२१

अरे देवगडकरा,

नाव पडलं रे, तौक्तेच. आता ती यादी तुझ्या फ्रीजवरच राहू दे. तिथे तुम्ही खिडकी वाचवता, इथे छप्पर वाचवायचं असतं.

गेल्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला चढलं. आम्ही त्याच्या बरेच दक्षिणेला, तरी वाडीतल्या पोफळी वाकल्या, वाकल्या आणि कमरेत मोडल्या. वीज महिन्यानं आली. घरातलं पहिलं गेलं ते कौल नव्हे, पडवीचा पत्रा. वारा खाली शिरतो, एक कोपरा उचलतो, आणि मग तोच पत्रा शेजाऱ्याची कौलं फोडत जातो. तेव्हा आजच्या आज पत्र्याचे हुक आवळून घ्यायचे. गंजले असतील तर वरून नायलॉनची दोरी आडवी टाकून खांबांना बांधायची. वळचणीच्या कौलांवर आणि आढ्याच्या कोन्यांवर मासेमारीचं जुनं जाळं पसरून कडांना चिरे लटकवायचे. देवगडात जुनं जाळं मागायला लाजायचं कारण नाही. मात्र बाबांना शिडी चढू देऊ नकोस. वाडीतला कोणी पोरगा बघ, पैसे तू पाठव. पाडेली (माडावर चढून नारळ पाडणारा) मिळालाच तर घरावर झुकलेल्या माडांचे नारळ आणि सुकी झापंही उतरवून घ्या.

बाथटबचं म्हणशील तर पिंपं, हंडे, कळश्या, न्हाणीतली डोण, सगळं भरायचं, आणि रहाट जागेवर आहे का ते बघायचं. आमचा पंप बसल्यापासून रहाट माळ्यावर पडला होता. निसर्गानंतर तिसऱ्या दिवशी त्याला खाली उतरवून तेल घातलं, आणि दोर बघतो तर उंदरांनी खाल्लेला.

आता वारा. हे बाबांना नीट सांग. आपल्याकडचं वादळ घड्याळाच्या उलट फिरतं. ते समुद्रातून उत्तरेला सरकणार असेल, तर तुमच्या घरावर पहिला वारा मतलई येईल, डोंगराकडून. मग तो दक्षिणेकडून लागेल, आणि वादळ पुढे गेलं की समुद्राकडून. झाड एका वाऱ्यात मुळापासून सैल होतं आणि दुसऱ्या वाऱ्यात पडतं. म्हणून वारा जरा पडला की 'आंबा राहिला का बघूया' म्हणून खाली जायचं नाही. वादळाचा डोळाच डोक्यावरून गेला तर मध्ये चक्क शांत होतं, आणि मग उलट्या बाजूनं सुटतं.

बसायला घरातली स्लॅब असलेली जागा निवडा. आमच्याकडे स्लॅब फक्त नव्या न्हाणीघराला. पाच माणसं आणि एक कुत्रा, चार तास बादल्यांवर बसून काढले.

आणि गाय. गोठ्यावर फणस आहे म्हणतोस, तर गाय-वासरू गोठ्यात ठेवायचंच नाही. ओटीवर घ्या. शेणाचं नंतर बघता येईल. काही झालं तरी दावं सोडायचं. आमच्या शेजाऱ्याचे दोन बैल दाव्याला होते आणि छप्पर खाली आलं. पाडा मात्र मोकळा होता. तो खळ्यात उभा, अंगावर ओरखडा नाही. त्या माणसानं वर्ष झालं तरी गोठा परत बांधलेला नाही.

तासातासानं फोन करत बसू नकोस, त्यांची बॅटरी संपेल. एकदाच नीट बोल. शेजारच्या घरातला एक नंबर आणि देवगड बाजारातला एक नंबर आत्ता मागून घे. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७ भिंतीवर कोळशानं लिहायला सांग. चष्मा सापडत नसताना मोबाईलमधला नंबर कामाचा नाही.

प्रेषक: डॉक्टर ताई, ह्यूस्टन
शनिवार, १५ मे २०२१

काकांनी गाय घेतली, मी कुत्र्या-मांजराचं सांगते. आमच्या दवाखान्यानं २०१७ मध्ये हार्वी वादळ पाहिलंय.

आधी एक. बाबांच्या त्या गायीच्या प्रश्नावर हसू नका. २००५ मध्ये कॅटरिना वादळात कितीतरी माणसं कुत्र्या-मांजरांना टाकून घर सोडायला तयार झाली नाहीत. पुढच्याच वर्षी इथे कायदा आला, की माणसांना हलवायच्या योजनेत त्यांच्या पाळीव जनावरांचाही विचार हवा. बाबांचा प्रश्न तोच आहे.

मोत्याला साखळीला ठेवू नका, पडवीत तर नाहीच. रात्री नव्हे, वारा सुटायच्या आधीच आत घ्या. घाबरलेला कुत्रा एकदा पळाला की हाकेला येत नाही. पट्ट्यावर मार्करनं मोबाईल नंबर लिहा. मनीला आजच पकडून डालग्याखाली घाला आणि वर पाटा ठेवा. ऐनवेळी ती माळ्यावर जाईल आणि आई तिच्यामागे जातील. कोंबड्या खुराड्यासकट आत. बाबांच्या बीपीच्या गोळ्या, रेशनकार्ड आणि लसीचा कागद एकाच प्लास्टिकच्या पिशवीत, गाठ मारून.

वादळानंतर खरा धोका सुरू होतो. तारा पडलेल्या असतात आणि ओल्या जमिनीवर गुरं पटकन दगावतात, तेव्हा बाबांनी आवार फिरून पाहिल्याशिवाय गाय बाहेर सोडू नये. स्वतः फिरताना पायात गमबूट हवेत. पडलेल्या झापांखाली आणि कौलांच्या ढिगात फुरसं असू शकतं, हात घालायच्या आधी काठीनं हलवा. साचलेल्या पाण्यातून लेप्टो (उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप) होतो, माणसाला आणि कुत्र्यालाही. मोत्याला डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका आणि पायाला जखम असेल तर चिखलात जाऊ नका. ताप आला तर 'भिजल्यामुळे आला असेल' म्हणून घरी काढू नका. भिजलेला, बुरशी आलेला पेंढा गायीला घालू नका. गुरांच्या दवाखान्याचा नंबर १९६२, तोही भिंतीवर.

प्रेषक: देवगडकर, टँपा
गुरुवार, २० मे २०२१

मंडळी,

रविवारी फोन बंद झाला तो काल लागला, तोही शेजारच्या टेंपोवाल्याच्या मोबाईलवरून. सगळे सुखरूप. मधले तीन दिवस मी काय केलं ते विचारू नका. बायकोनं शेवटी वायफाय बंद केलं.

दोरी बांधूनही पडवीचे दोन पत्रे गेले, एक थेट विहिरीच्या कठड्यावर. जाळं टाकलेली बाजू राहिली. मागच्या बाजूला जाळं पुरलं नव्हतं, तिथली साठ-सत्तर कौलं गेली आणि आईच्या तांदळाचा एक पिंप भिजला. कलमांवर उरलासुरला हापूस होता तो सगळा जमिनीवर. बाबा त्यावर काही बोलले नाहीत. वाऱ्याचं मात्र बोलले: आधी डोंगरातून, मग दक्षिणेतून, तिन्हीसांजेला दर्यावरून. काकांना हे कसं कळलं, असं दोनदा विचारलं.

समुद्राकडून वारा लागला तेव्हाच फणस पडला. गोठ्याच्या मधोमध.

शनिवारी रात्री फोनवर बाबा मला म्हणाले होते, "वारो काय आज पयल्यांदा बघतंय?" त्यामुळे ते गाय आत घेणार नाहीत असंच मी धरून चाललो होतो. ती ओटीवर आणली आईनं, बाबांची दुपारची डुलकी लागल्यावर, गूळ दाखवून. वासरू मागून आपसूक आलं.

बाबांचा निरोप जसाच्या तसा देतो: "तुझ्या त्या काकांका सांग, गायन सगळी फणसपोळी खाल्ल्यान." आईनं महिनाभर वाळवून ओटीवर सुपांत रचून ठेवली होती. त्यातली निम्मी कोणातरी बरोबर माझ्याकडे यायची होती.

आता काम. मंगलोरी कौलं हवी आहेत, ऐंशीएक, जुन्या मापाची. नवीन मिळतात ती आमच्या रिपांवर बसत नाहीत. देवगड, कणकवली, राजापूर भागात कोणाचं जुनं घर उतरवलं असेल आणि कौलं रचून ठेवलेली असतील तर कळवा. टेंपो आहे. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत हवीत.