यादीत शहर आलं, वेग कुठे अडला?
शहर ५जी सुरू झालेल्या शहरांच्या यादीत आलं तरी फोनवर वेग का जाणवत नाही, हा प्रश्न रास्तच आहे. पण 'आलं' म्हणजे नेमकं काय आलं, हे आधी बघावं लागतं. ५जी रेडिओ लहरींच्या वेगवेगळ्या पट्ट्यांवर चालतं. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, भिंतीतूनही बऱ्यापैकी शिरतात, पण त्या पट्ट्यात डेटा वाहून न्यायला जागाच कमी, त्यामुळे वेग ४जीच्या फार पुढे जात नाही. ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपास जागा भरपूर, खरा फरक तिथे कळतो. मात्र टॉवर जवळजवळ लागतात. २६ गिगाहर्ट्झचं तर विचारूच नका, झाडाची फांदी आडवी आली तरी सिग्नल रुसतो!

आणखी एक मुद्दा आहे. टॉवरपर्यंत फायबर, म्हणजे डेटा वेगाने नेणारी काचतंतूंची केबल, पोचलेली नसेल तर वर कितीही नवा अँटेना लावा, मोठ्या नळाला बारीक पाइप जोडल्यासारखं होतं. शिवाय बऱ्याच कंपन्यांनी सुरुवात 'नॉन-स्टँडअलोन' पद्धतीने केली, म्हणजे रेडिओ ५जीचा, मागचा गाभा, म्हणजे सगळं नियंत्रण करणारं मुख्य जाळं, ४जीचाच. मग कमी विलंबाचा, म्हणजे झटपट प्रतिसादाचा, एवढा गाजावाजा झाला, तो पुरता हाती लागत नाही. मी तरी शहरांच्या संख्येऐवजी किती टॉवर फायबरने जोडले, हेच विचारेन. जाहिरातीत तो आकडा सहसा नसतो म्हणा.