रंगाआधी उजेड ठरवा

ताई, दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये फक्त स्वतःसाठी साजशृंगाराचा कोपरा करायचाय, रंग कोणता द्यावा, असं तुम्ही विचारलंय. अबोली, फिकट गुलाबी, काहीही शोभेल. पण आधी उजेडाचं बघा. छतावरच्या ट्यूबलाइटने डोळ्यांखाली सावली पडते, चेहरा उगाच थकलेला दिसतो. आरशाच्या दोन्ही बाजूंना, चेहऱ्याच्या उंचीवर ४००० केल्विनचे, म्हणजे ना पिवळे ना निळसर अशा पांढऱ्या उजेडाचे, दिवे लावा. खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० च्या वर आहे ना, हे नक्की बघा. नाहीतर लिपस्टिकचा खरा रंग कळत नाही. रात्री केसांना तेल लावत निवांत बसायला २७०० केल्विनचा पिवळसर दिवा वेगळा हवा.

आपल्या परभणी-नांदेडकडचा उन्हाळा विसरू नका. पश्चिमेची भिंत रात्रीपर्यंत तापलेली असते, तिथे अत्तर, क्रीम ठेवू नका. कूलरचा झोत आरशावर नको, दमटपणाने मागचा लेप काळवंडतो. खिडकीला वाळ्याचा पडदा लावून पाणी शिंपडलं की खोलीभर जो वास दरवळतो, त्यापुढे विकतची सुगंधी मेणबत्ती मला तरी फिकी वाटते.

स्टुलाच्या गादीला संभाजीनगरचं हिमरू घ्या. सूत-रेशमाचं ते विणकाम आपल्याच मातीतलं आहे, आणि काय देखणं दिसतं! फक्त थेट उन्हात ठेवू नका.

आणि घर एकत्र असेल तर दाराला आतून कडी आणि एक कुलपाचा खण हट्टाने मागून घ्या.