लिनक्सचे इन्स्टॉलेशन फसले म्हणून जुना संगणक भंगारात द्यावा का?

धागाकर्ता, अमळनेर तालुका

आमच्या गावच्या वाचनालयात कोअर टू डुओ प्रोसेसरचा, जी४१ चिपसेटचा आणि दोन जीबी रॅमचा एक संगणक आहे. त्यावर लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकताना आधी फायली उतरवतानाच 'इनपुट-आउटपुट एरर' आली. पेनड्राइव्ह बदलल्यावर सगळ्या फायली उतरल्या, पण अखेरीस ग्रब (संगणक सुरू होताना लिनक्सला चालना देणारा छोटा प्रोग्राम) बसवताना 'फेटल एरर' दाखवून काम थांबले. त्यामुळे संगणक भंगारात द्यावा, असा कार्यकारिणीतील बहुतेकांचा कल झाला आहे.

मला हा निष्कर्ष मान्य नाही. शेतातली मोटर चालू झाली नाही तर आपण आधी फ्यूज आणि वायर तपासतो, विहीर बुजवत नाही. पहिल्या संदेशाचा अर्थ एवढाच, की कुठेतरी वाचताना किंवा लिहिताना अडथळा आला. दुसऱ्याचे कारण तर वयाशी मुळीच संबंधित नाही. या संगणकातील हार्डडिस्क एका नव्या संगणकातून काढलेली आहे आणि तिच्यावरील पार्टिशन टेबल (डिस्कचे भाग कुठून कुठवर आहेत याची नोंद) जीपीटी या नव्या पद्धतीचे आहे, तर मदरबोर्ड जुन्या बायोसचा (संगणक सुरू करणाऱ्या जुन्या पद्धतीच्या अंगभूत प्रोग्रामचा) आहे. एमबीआर या जुन्या पद्धतीच्या डिस्कवर पहिल्या पार्टिशनच्या आधी उरणाऱ्या जागेत ग्रबचा गाभा मावतो. जीपीटीवर तशी जागा नसते, म्हणून 'बायोस बूट' अशी खूण असलेले सुमारे एक एमबीचे स्वतंत्र पार्टिशन करावे लागते. ते केले, किंवा डिस्कवरील माहिती दुसरीकडे ठेवून पार्टिशन टेबलच एमबीआर पद्धतीने नव्याने बनवले, तर ही अडचण संपते. दोष ओळखण्याआधीच यंत्र टाकून देणे हा सार्वजनिक पैशाचा अपव्यय आहे.

प्रतिसाद, चोपडा

ग्रबविषयीचे आपले निदान बरोबर वाटते, परंतु त्यातून निघालेला निष्कर्ष मला पटत नाही. इन्स्टॉलेशन पूर्ण होणे आणि संगणक उपयोगी पडणे या भिन्न गोष्टी आहेत. दोन जीबी ही मिंटने सांगितलेली किमान गरज आहे, आणि ब्राउझरमध्ये चार-पाच पाने उघडली की ती संपते, मग सगळा भार स्वॅपमार्गे (रॅम अपुरी पडल्यावर वापरली जाणारी डिस्कवरील जागा) हार्डडिस्कवर पडतो. आजचे व्हीपी९ किंवा एव्ही१ स्वरूपातील व्हिडिओ उलगडण्याची सोय त्या काळच्या ग्राफिक्समध्ये नाही, त्यामुळे तो भारही प्रोसेसरवरच येतो. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी अशा संगणकासमोर बसला, तर त्याच्या मनात लिनक्सविषयी कायमची अढी निर्माण होईल. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यानंतर विंडोज ११ ला न चालणारे, पण याहून कितीतरी सक्षम असे संगणक अनेक कार्यालयांतून बाहेर पडत आहेत. वाचनालयाने त्यांपैकी एक मिळवावा.

प्रतिसाद, भुसावळ (संगणक दुरुस्तीचा व्यवसाय)

आपण दोघेही तपासणी पूर्ण होण्याआधीच निकाल देत आहात. पेनड्राइव्ह बदलल्यावर पहिली त्रुटी गेली, यावरून हार्डडिस्क निर्दोष ठरत नाही. त्रुटी अधूनमधून येणे हे तर बिघडत चाललेल्या डिस्कचे आणि डिस्क जोडणाऱ्या सैल साटा केबलचे नेहमीचे लक्षण आहे. 'स्मार्टसीटीएल' या प्रोग्रामने डिस्कच्या प्रकृतीचा अहवाल काढावा आणि त्यात 'करंट पेंडिंग सेक्टर' (नीट वाचता न येणाऱ्या भागांची संख्या) शून्याहून अधिक दिसल्यास त्या डिस्कवर काहीही टाकू नये. आयएसओ फाइलची (इन्स्टॉलेशनसाठी उतरवून घेतलेल्या फाइलची) शा-२५६ बेरीज, म्हणजे फाइल बिघडलेली नाही हे पडताळणारा आकडा, जुळवून पाहावी. पेनड्राइव्हच्या मेनूतूनच मेमरी टेस्ट सुरू करून ती रात्रभर चालू द्यावी, कारण सदोष रॅममुळे फायली उतरतानाच बिघडतात आणि प्रत्येक वेळी वेगळ्याच ठिकाणी त्रुटी दिसते. अशा वेळी माणूस वितरण (लिनक्सचा मिंट, उबुंटू, डेबियन यांसारखा प्रकार) बदलत राहतो आणि मूळ दोष तसाच राहतो.

मदरबोर्डवरील सेलही पाहावा. तो संपला असेल तर तारीख कित्येक वर्षे मागे जाते, मग संकेतस्थळांची प्रमाणपत्रे अमान्य ठरतात, अपडेट नाकारले जातात आणि लोक पुन्हा इन्स्टॉलेशन करत बसतात. आपल्याकडच्या मे महिन्यात प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट (उष्णता बाहेर नेणारा लेप) बदललेली नसेल, तर उष्णतेने संगणक मध्येच बंद पडतो, हेही ध्यानात घ्यावे.

प्रतिसाद, शहादा

मूळ प्रस्तावात 'जुना' या शब्दाला सीमा घातलेली नाही, हा माझा आक्षेप आहे. कोअर टू डुओ ६४ बिटांचा आहे, म्हणून आजची मुख्य वितरणे त्यावर उतरतात. हाच युक्तिवाद वाचून कोणी ३२ बिटांचा जुना पेंटियम दुरुस्त करायला घेतला, तर त्याची निराशाच होईल. उबुंटूने १७.१० पासून ३२ बिटांची डेस्कटॉप प्रतिमा (इन्स्टॉलेशनची फाइल) बंद केली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये त्या प्रोसेसरांसाठी इन्स्टॉलरच नाही. तिथे दोष शोधण्यात वेळ घालवू नये, या मताचा मी आहे.

धागाकर्ता

शहाद्याच्या मित्रांची सीमा मला मान्य आहे आणि भुसावळच्या सूचनांप्रमाणे डिस्क व रॅम दोन्ही तपासतो. चोपड्याच्या मित्रांशी मात्र माझा मतभेद कायम आहे. हा संगणक व्हिडिओसाठी नाहीच. पुस्तकांची नोंद ठेवणे, मराठीत अर्ज टंकणे, सातबारा पाहणे आणि जुन्या प्रश्नपत्रिका वाचणे एवढीच त्याच्याकडून अपेक्षा आहे. रॅम चार जीबी केली आणि साधी एसएसडी (हार्डडिस्कहून वेगवान साठवण) लावली, तर ही कामे तो नीट करील. कार्यालयांतले चांगले संगणक आमच्या गावापर्यंत कधी पोहोचतील, हे कोण सांगणार? तोवर टेबल रिकामे ठेवायचे का?

प्रतिसाद, चोपडा

आपण कामांची मर्यादा आखलीत, तेवढ्यापुरता माझा विरोध सौम्य झाला आहे. तरीही रॅम आणि एसएसडीवर वाचनालयाचे पैसे खर्च करण्यापूर्वी मेमरी टेस्ट निर्दोष आली पाहिजे आणि मदरबोर्डवरील एकही कपॅसिटर फुगलेला नसला पाहिजे, ही अट कार्यकारिणीच्या ठरावात लिहून घ्यावी. यांपैकी एकही गोष्ट बिनसली, तर तो पैसा दुसऱ्या संगणकासाठी राखून ठेवावा, या मतावर मी ठाम आहे.