पुनर्विलोकन अर्ज फेटाळला. त्या आदेशावर अपील चालते का?

कळवेकर: वडिलांच्या नावावरील जागेच्या दाव्यात आमचा पुनर्विलोकन अर्ज, म्हणजे त्याच न्यायालयाने आपला निकाल पुन्हा तपासावा अशी विनंती, नुकताच फेटाळला गेला. खरेदीखत दाव्याच्या कागदांत दाखल असूनही निकालपत्रात त्याचा साधा उल्लेख नाही, हे दाखवून दिले तरी उपयोग झाला नाही. आदेशाला 22 दिवस झाले असून अपिलाची मुदत 30 दिवसांची असते असे समजते, म्हणजे हाती आठच दिवस आहेत. या आदेशावर अपील होते की नाही, एवढेच कृपया लवकर सांगावे.

नौपाडा_निवासी: दावा कोणत्या न्यायालयातला, मूळ निकाल कधीचा आणि त्यावर अपील केले होते का? यांतले काहीच आपण लिहिलेले नाही.

ऐरोलीकर: क्युरेटिव्ह अर्ज, म्हणजे अंतिम निकालातला अन्याय दूर करण्याची शेवटची विनंती, करावा. सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली रूपा हुर्रा प्रकरणात ती वाट खुली केली आहे.

नौपाडा_निवासी: ती वाट सर्वोच्च न्यायालयाच्या स्वतःच्या निकालांपुरती आहे. दिवाणी न्यायालयातल्या दाव्याशी तिचा संबंध नाही.

वाशी_सेक्टर_9: माझ्या मेहुण्यांनी उच्च न्यायालयात पुनरीक्षण अर्ज केला आणि प्रकरण फेरचौकशीसाठी परत आले. तुम्हीही तेच करा.

जुना_कारकून: पुनरीक्षण वेगळे (त्यात उच्च न्यायालय खालच्या न्यायालयाने अधिकार नीट वापरला का ते पाहते), पुनर्विलोकन वेगळे, या दोन शब्दांच्या गोंधळात पक्षकारांची वर्षे गेलेली मी पाहिली आहेत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 47, नियम 7 प्रमाणे पुनर्विलोकन अर्ज फेटाळल्याच्या आदेशावर अपील होत नाही. अर्ज मंजूर झाला असता तर विरुद्ध पक्षाला ते करता आले असते. नियम 9 मुळे दुसऱ्यांदा पुनर्विलोकनही मागता येत नाही. अर्ज फेटाळल्याने मूळ हुकूमनामा (दाव्याच्या निकालाचा औपचारिक आदेश) त्या आदेशात विलीन होत नाही, तो जसाच्या तसा उभा राहतो, आणि म्हणून अपील त्याच हुकूमनाम्यावर करावे लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने डीएसआर स्टील प्रकरणात 2012 साली स्पष्ट केले आहे.

कळवेकर: दावा कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयातला आहे. मूळ निकालाला सव्वादोन वर्षे झाली. पुनर्विलोकन अर्ज 20व्या दिवशीच दाखल केला होता. अपील केले नाही, कारण अर्जाचा निकाल लागला की मुदत नव्याने सुरू होते अशी माझी समजूत होती.

नौपाडा_निवासी: तशी ती सुरू होत नाही. जिल्हा न्यायालयातल्या अपिलाचे 30 दिवस मूळ हुकूमनाम्यापासून मोजले जातात, त्यामुळे आपले आठ दिवस मुळात नव्हतेच. अर्ज प्रलंबित असतानाच अपील दाखल करून ठेवायला हवे होते.

वाशी_सेक्टर_9: मुदत कायद्याच्या कलम 14 ने तो सगळा काळ वगळला जातो.

जुना_कारकून: कलम 14 अधिकारक्षेत्र नसलेल्या किंवा तशाच दोषामुळे प्रकरण ऐकू न शकणाऱ्या न्यायालयात गेलेल्या काळासाठी आहे. इथे न्यायालयाला अधिकार होता आणि त्याने अर्ज गुणदोषांवर फेटाळला. कळवेकर, आपण कलम 5 खाली विलंबमाफीचा अर्ज अपिलासोबत द्या आणि पुनर्विलोकन मुदतीत दाखल करून सद्भावनेने चालवले, हे पुरेसे कारण म्हणून तारखांसह मांडा. माफी हा हक्क नाही, म्हणून आता गेलेला प्रत्येक दिवस स्वतंत्रपणे समजावून सांगावा लागेल. खरेदीखताचा मुद्दा अपिलात मोकळेपणाने घेता येईल, कारण तिथे पुराव्याचा पुन्हा विचार होतो. पुनर्विलोकनात केवळ उघड दिसणारी चूक पाहतात.

कळवेकर: हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत माझ्याकडे आहे. फेटाळल्याच्या आदेशाची आणि दाखल तारीख दिसेल अशी रोजनाम्याची (न्यायालयातील रोजच्या कामकाजाच्या नोंदीची) नक्कल मिळावी म्हणून उद्या सकाळीच अर्ज करतो, आणि वकिलांना आजच फोन करतो.