सोरायसिस: त्वचा सुधारली, पण सीआरपी वाढलं. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझ्या धाकट्या भावाला बऱ्याच वर्षांपासून सोरायसिस आहे. कोपरं, गुडघे आणि कमरेवर जाड चट्टे, खपली निघाली की खाली रक्ताचे बारीक ठिपके. आठवड्यातून एकदा घ्यायचं मेथोट्रेक्सेट सुरू केल्यापासून त्वचा खूपच सुधारली. पासी स्कोअर, म्हणजे त्वचेवरच्या सोरायसिसची तीव्रता सांगणारा आकडा, १४ वरून ४ वर आलाय (तो ० ते ७२ असतो, लाली, जाडी, खपल्या आणि व्यापलेला भाग यांवरून काढतात).

प्रश्न रक्ताच्या रिपोर्टचा आहे. या औषधावर असताना सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि लिव्हरच्या तपासण्या अधूनमधून कराव्याच लागतात. या वेळी न्यूट्रोफिल ६३०० आणि लिम्फोसाइट १५०० (दोन्ही पांढऱ्या रक्तपेशींचे प्रकार), म्हणजे अंगात सूज असली की वाढणारं त्यांचं गुणोत्तर ४.२. औषधाआधी ते २.२ होतं. सीआरपीही (शरीरातली सूज दाखवणारी रक्तचाचणी) ३ वरून ११ वर गेलंय.

मी वाचलं त्यानुसार सोरायसिसमध्ये हे गुणोत्तर निरोगी लोकांपेक्षा सरासरीने जास्त असतं, पण आजाराच्या तीव्रतेशी त्याचा मेळ काही अभ्यासांत बसतो, काहींत नाही. शिवाय साधा जंतुसंसर्ग, स्टेरॉइडच्या गोळ्या, सिगारेट यांनीही आकडे हलतात. यातलं त्याला काहीच नाही. रक्त दिलं तेव्हा सर्दीसुद्धा नव्हती.

मला खटकतंय ते वेगळंच. सकाळी त्याची मूठ वळत नाही, बोटं मोकळी व्हायला अर्धापाऊण तास जातो. उजव्या हाताचं मधलं बोट तर मुळापासून टोकापर्यंत सुजलंय. नखांवर खड्डे आधीपासूनच आहेत. पासीमध्ये सांधे धरलेच जात नाहीत, मग त्वचा शांत आणि सांधे आतून धुमसतायत असं असेल का?

तो म्हणतो, "अंग स्वच्छ झालंय ना, आता आणखी डॉक्टर नकोत." पण सांध्याची झीज एकदा झाली की भरून येत नाही, म्हणून माझा जीव वरखाली होतोय. त्वचेच्या डॉक्टरांची पुढची तारीख लांब आहे.

सोरियाटिक आर्थ्रायटिसचा (सोरायसिससोबत येणाऱ्या संधिवाताचा) अनुभव असलेल्यांनी किंवा इथल्या डॉक्टरांनी कृपया सांगा: तारखेची वाट पाहावी की आताच रूमॅटॉलॉजिस्टना (संधिवाताच्या डॉक्टरांना) दाखवावं? सुरुवातीला एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो, तर सांध्यांची सोनोग्राफी करून घ्यावी का? लिम्फोसाइट मेथोट्रेक्सेटमुळे कमी झाले असतील का? आणि तुमच्या घरी असा अडून बसलेला पेशंट असेल, तर त्याला कसं तयार केलंत?